काना, मात्रा आणि आबासाहेब

झुंबरबाई डोक्यावरून पदर घेऊन आणि चेहरा पाडून दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मनकर्णा अंगणात भांडी घासत होती.

"कवा गेले गं आबा?" झुंबरबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"कोन आबा?"

"आगं, समोरचे. आबासाहेब. टीव्हीवर पट्टी चाललीय न्हवं, तुज्याच मालकाची."

मनकर्णानं मान वर केली. गल्लीच्या पलीकडं आबासाहेब मोऱ्यांची दुमजली इमारत होती आणि तिच्या गच्चीवर, केबलच्या मोठ्या छत्रीशेजारी, बनियनवर उभे राहून आबासाहेब स्वतः दात घासत होते.

"ते काय हायेत की," मनकर्णा म्हणाली.

झुंबरबाईंनी वर पाहिलं. आबासाहेबांनी चूळ भरली आणि गच्चीवरून खाली टाकली. तरीही झुंबरबाईंचा पुरता विश्वास बसला नाही. "मी चुलीवरचं दूध उतरून आले की गं," असं म्हणत, दुःख फुकट गेल्यासारखा चेहरा करून त्या तिथंच उभ्या राहिल्या.

मनकर्णाचा नवरा सहादेव वाळुंज हा देवळाली प्रवऱ्यातला केबलवाला. घराच्या पुढच्या खोलीत त्याची कंट्रोल रूम होती. तिथं दोन व्हीसीआर, एक टीव्ही, वायरींचा गुंता आणि एक कॉम्प्युटर एवढा संसार होता. गावाच्या स्वतःच्या चॅनलवर तो रोज पिक्चर लावायचा आणि पिक्चरच्या खालून कॉम्प्युटरवरची पट्टी सरकत राहायची. साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, दहावीत पास झालेल्यांचं अभिनंदन, सगळं त्या पट्टीतून गावाला कळायचं. सत्त्याण्णव सालच्या त्या दिवशी पट्टीवर आबासाहेबांचा वाढदिवस होता.

पण आदल्याच दिवशी सहादेवनं नगरहून एक इंजिनियर बोलावून कॉम्प्युटरमधली जुनी विंडोज काढून नवी, पंच्याण्णवची विंडोज टाकून घेतली होती. जुनीचं काही बिघडलं नव्हतं. पण राहुरीच्या केबलवाल्यानं नवी टाकलीय असं त्याच्या कानावर आलं होतं, आणि तेवढं त्याला पुरलं. सकाळी त्यानं शुभेच्छांचा मजकूर सुरू केला आणि पट्टीकडं ढुंकूनही न बघता आंघोळीला गेला.

टॉवेलवर बाहेर आला, तर मनकर्णा आणि झुंबरबाई टीव्हीसमोर उभ्या होत्या. पडद्यावर नायक-नायिका बागेतून पळत होते आणि त्यांच्या पायाखालून मजकूर चालला होता:

"भव नगरध्यक्ष आबसहब मर यन वढदवसच्य हर्दक शभच्छ."

"हे काय?" सहादेव म्हणाला.

"तेच मी इचारती," झुंबरबाई म्हणाल्या. "आबसहब मर. आता 'मर' म्हनल्यावं मानसानं काय समजावं?"

सहादेवनं जवळ जाऊन पाहिलं. काने, मात्रा, वेलांट्या, उकार, सगळं झाडून गेलं होतं. भादरलेल्या मेंढरांसारखी अक्षरं एका मागोमाग एक निघाली होती. मोऱ्यांचं 'मोरे' त्यात पार सोलून निघालं होतं. खाली शुभेच्छुक म्हणून 'मर मत्रमडळ' असंही आलं. म्हणजे एकट्या आबासाहेबांना नव्हे, तर सगळ्या मंडळालाच मरायला सांगितलं होतं.

त्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. 'मर' परत आलं. दुसऱ्यांदा बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"सहादेव, कसं मरू सांग. फाशी घिऊ का हिरीत उडी मारू?"

आबासाहेब दारात उभे होते. ओठाच्या कोपऱ्यात अजून पेस्ट होती. "सकाळपासनं तिसरा मानूस आला घरी रडाया. घोडेगावची भैन फोनवर निसती हंबरडा फोडतीय, मी बोलतोय तर म्हनती, आबाचा आवाज काढू नका. माज्या गच्चीवं छत्री ठिवतो आन मलाच मर म्हनतो व्हय रं?"

"आबा, काना-मात्रा उडालाय. कॉम्प्युटरचा घोळ हाय."

"त्ये मला नको सांगू. आज सांच्याला मंगल कार्यालयात माजा सत्कार हाय. तवर गावाला माजं नाव काना-मात्र्यासकट दिसलं पायजे. न्हाई तर छत्री खाली घ्यायची."

सहादेवनं वर आढ्याकडं पाहिलं. त्याच्या स्वतःच्या घरावर पत्रे होते. तिथं छत्री ठेवली असती, तर पहिल्याच वावटळीत ती पत्र्यांसकट राहुरीला जाऊन पडली असती. आणि छत्री नसली की केबल नाही, केबल नसली की घरात चूल नाही.

त्यानं नगरच्या इंजिनियरला फोन लावला. इंजिनियर म्हणाला की नव्या विंडोजवर जुनं मराठी सॉफ्टवेअर असंच करतं, त्याला नवीन मराठी सॉफ्टवेअर लागेल, ते मुंबईहून येईल. कधी येईल ते मात्र त्यानं सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मनकर्णा म्हणाली, "त्या गुरुजींच्या प्रज्ञाला बोलवा की. ष्टँडपाशी तिचा कॉम्प्युटरचा क्लास हाय न्हवं?"

प्रज्ञा साळवे लुनावरून आली. पुण्याला कॉम्प्युटर शिकून तिनं गावातच क्लास काढला होता. तिनं पट्टी वाचली, हसू दाबलं आणि खुर्ची ओढून बसली.

"दादा, तुमचं मराठी सॉफ्टवेअर काना-मात्रा ज्या जागेवर ठेवायचं, त्या जागा नव्या विंडोजनं दुसऱ्या कामाला लावल्यात. नव्याचा दोष नाही, जुन्याचाही नाही. दोघांचं जमत नाही एवढंच."

"मंग आता?"

"मागं जायचं. नवी काढायची आणि जुनी परत टाकायची. जुन्या फ्लॉप्या आहेत ना? माझ्या क्लासात नुसतं डॉस आहे, विंडोज नाही."

"हायेत की," मनकर्णा म्हणाली आणि आतल्या देवघरातून फ्लॉप्यांचा डबा घेऊन आली. डब्यावर हळदीकुंकवाची बोटं होती आणि वाळलेलं झेंडूचं फूल होतं. "दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली, तवापासनं देवापाशीच ठिवल्यात."

सहादेवनं आधी व्हीसीआर बंद केला. पिक्चर गेला. मग पट्टीचा प्रोग्राम बंद केला आणि 'मर'ही गेलं. आता गाव काही वाचणार नाही म्हणून त्याला जरा हायसं वाटलं. प्रज्ञानं कॉम्प्युटर डॉसच्या फ्लॉपीवरून चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

फोन वाजला. मनकर्णानं उचलला.

"वहिनी, ह्ये काळं काय आलंय?"

"दुरुस्ती चाललीय," मनकर्णा म्हणाली आणि फोन ठेवला.

"सगळं पुसण्याआधी तुमच्या फायली बघून घेऊ," प्रज्ञा म्हणाली. तिनं काहीतरी टाईप केलं आणि पडद्यावर नावांची रांग लागली. इंग्रजी अक्षरांतली ती नावं ती एकेक करून मोठ्यानं वाचायला लागली. "भावी चौऱ्याण्णव. भावी पंच्याण्णव. भावी शहाण्णव. भावी सत्त्याण्णव. हे काय दादा?"

"आबासाहेबांचे वाढदिवस," सहादेव ओशाळून म्हणाला. "दर साली त्ये भावी नगराध्यक्षच आसत्यात. वळखाया सोपं जावं म्हनून नावं दिली."

"कंजूस एक. कंजूस दोन."

"त्या जाहिराती हायेत. एक लाईन वाढवायची म्हनलं तरी घासाघीस करत्यात, म्हनून."

"बडबड्या. सासरा."

"सासरा?" मनकर्णा कमरेवर हात ठेवून पुढं आली. "माज्या बापाच्या खताच्या दुकानाला निसतं सासरा? सासरेबुवा म्हनाया जीब झडती का?"

"आगं, आठच अक्षरं बसत्यात. सासरेबुवाला इंग्लिशमदी नऊ लागत्यात."

मनकर्णानं बोटांवर मोजून बघितलं. नऊच भरली. त्यामुळं ती जास्तच चिडली.

फोन वाजला. या वेळी सहादेवनं उचलला. पलीकडून साडी सेंटरच्या रतनबाई बोलत होत्या.

"सहादेव, एक इचारायचं हुतं. कंजूस एक म्हंजी मी का रं?"

सहादेवनं पडद्यावरच्या नावांच्या रांगेकडं पाहिलं. "न-न्हाई बाई. त्यो कॉम्प्युटरमदला शबुद हाय."

"मंग कंजूस दोन मी हाय का?"

"तुमी कोनच न्हाई बाई!"

"माज्या दुकानाशेजारचा श्रीमंत भांडीवाला येक नंबर आसंल तर माजं कायबी म्हननं न्हाई," रतनबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सहादेव रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. रतनबाईंचं दुकान पार बाजारपेठेत. इथं खोलीत बोललेलं त्यांना तिथं कसं कळलं? त्यानं खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एरवी ह्या वेळी पोरं खेळत असायची, बायका दारात निवडत बसलेल्या असायच्या. आज सगळी घरात होती.

"दादा, पुसू का मग?" प्रज्ञानं विचारलं. "जाहिराती परत टाईप कराव्या लागतील."

"पुसा. पर नीट पुसा."

प्रज्ञानं आज्ञा दिली. पडद्यावर इंग्रजीत इशारा आला आणि त्याच्याखाली होय की नाही असं विचारणारा प्रश्न आला. होयसाठी वाय दाबायचा. प्रज्ञानं बोट 'वाय'वर नेलं, तोच फोन वाजला. मनकर्णानं उचलून प्रज्ञाच्या कानाला लावला. "तुजे वडील हायेत."

"प्रज्ञा," रंभाजी गुरुजी कडक आवाजात म्हणाले, "वाय दाबू नकोस. आधी वाक्य पूर्ण वाच." गुरुजींनी सगळा जन्म हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात घालवला होता. "ऑल डेटा विल बी लॉस्ट असं लिहिलंय. ऑल म्हणजे सगळं. लॉस्ट म्हणजे गेलेलं. घाई करायची तुझी सवय अजून जात नाही."

"बाबा, मला माहीत आहे. सगळं घालवायचंच आहे." मग ती एकदम थांबली. "पण तुम्हाला कसं दिसलं?"

"कसं म्हणजे? टीव्हीवर दिसतंय की. आपल्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं बसलीत. मी त्यांना अर्थ सांगतोय."

 तिघांच्याही माना हळूहळू वळल्या. कॉम्प्युटरच्या मागून एक वायर एका डबीत गेली होती, डबीतून दुसऱ्या डब्यात, आणि तिथून बाहेर पडून खिडकीतून खांबावर, खांबावरून गावात. सहादेवनं व्हीसीआर बंद केला होता. कॉम्प्युटरची वायर तशीच चालू होती. सकाळपासून देवळाली प्रवऱ्यात ज्याच्या ज्याच्या घरी केबल होती, त्यानं भावी चौऱ्याण्णवपासून सासऱ्यापर्यंत सगळं वाचलं होतं.

"आरं द्येवा," सहादेव म्हणाला आणि त्यानं धावत जाऊन वायर उपटली.

त्याबरोबर गल्लीतून 'ओऽऽ' असा आवाज उठला. क्रिकेटच्या शेवटच्या षटकात लाईट जावी तसा तो आवाज होता. मग दारं उघडली, पायऱ्या वाजल्या आणि बघता बघता कंट्रोल रूमच्या दारात गर्दी जमली.

"लाव की रं सहादेव!"

"आता तर खरी गंमत आलती! पुसायचं हाय का न्हाई त्ये तरी कळू द्या!"

"मी म्हनती, पुसू नगा," झुंबरबाई म्हणाल्या. त्या सकाळपासून घरी गेल्याच नव्हत्या, मधे फक्त स्वतःच्या टीव्हीसमोर जाऊन आल्या होत्या. "गुरुजी म्हनले समदं जानार हाय."

गर्दी दुभंगली आणि आबासाहेब आत आले. आता ते परीटघडीचे पांढरे कपडे घालून होते आणि त्यांच्या कपाळावर वाढदिवसाच्या औक्षणाचा टिळा होता. चेहरा मात्र औक्षणाचा नव्हता.

"भावी चौऱ्यान्नव," ते बोटांवर मोजत म्हणाले. "भावी पंच्यान्नव. शान्नव. सत्त्यान्नव. मी काय भिंतीवरचं कॅलेंडर हाय का रं सहादेव? गल्लीतली पोरं मला आत्ता इचारत हुती, आबा, अठ्ठ्यान्नवचं कवा निघनार?"

 सहादेव नुसता छत्रीच्या दिशेला बघत राहिला. बोलली ती प्रज्ञा.

"आबासाहेब, बरं झालं आलात. तुमचीच वाट बघत होतो. आता जुनं पुसून सुरुवात करायची आहे. कुणाच्या हस्ते करावी असं चाललं होतं. आज तुमचा वाढदिवस. उद्घाटन तुमच्याच हस्ते व्हावं."

उद्घाटन हा शब्द कानावर पडताच आबासाहेबांची मान आपोआप ताठ झाली. एक हात कात्रीसाठी पुढंही आला. मग त्यांनी खाली वाकून प्रज्ञाच्या कानाशी विचारलं, "पोरी, त्ये चौऱ्यान्नव, पंच्यान्नव... समदं जाईल का?"

"सगळं जाईल. नावसुद्धा राहायचं नाही."

"गावाला दिसंल का, गेलेलं?"

"वायर जोडली की दिसेल."

"जोड रं वायर," आबासाहेब म्हणाले.

मनकर्णानं आतून नारळ आणला. आबासाहेबांनी तो उंबऱ्यावर फोडला, खुर्चीवर बसले आणि बाह्या मागं सारल्या. प्रज्ञानं बोटानं वाय दाखवला. त्यांनी तो अंगठ्यानं दाबला. काही झालं नाही.

"आता एंटर दाबायचं," प्रज्ञा म्हणाली.

"त्ये कुनाच्या हस्ते?"

"तेही तुमच्याच."

आबासाहेबांनी एंटर दाबला. पडद्यावर टक्के चढायला लागले. खोलीत मावली तेवढी माणसं तिथंच थांबली, बाकीची धावत आपापल्या घरी टीव्हीसमोर गेली. गुरुजींच्या ओट्यावर आता साठेक माणसं झाली होती. आकडा पस्तीसवर आला तेव्हा गुरुजींनी "पास!" असं जाहीर केलं आणि ओट्यावर टाळ्या पडल्या. साठाला फर्स्ट क्लास झाला. शंभर भरले तेव्हा आबासाहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी गर्दीला हात जोडले. निवडून आल्यासारखंच वाटत होतं त्यांना. "सांच्यापतूर नाव दिसलं पायजे मातर," असं सहादेवला बजावून ते सत्काराच्या तयारीला गेले.

मग फ्लॉप्या लागल्या. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी आत घातली, तेव्हा यंत्रातून खरवडल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर तीन इंग्रजी शब्द उमटले. अबॉर्ट, रिट्राय, फेल.

ओट्यावरचे सगळे गुरुजींकडं वळले. "फेल म्हणजे नापास," गुरुजींनी समजावलं. "रिट्राय म्हणजे ऑक्टोबरला परत बसायचं. आणि अबॉर्ट म्हणजे शाळाच सोडायची."

सगळ्या ओट्याचं ऑक्टोबरवर एकमत झालं. "रिट्राय! रिट्राय!" असा गजर तिथून उठला आणि गल्लीगल्लीतून पुढं सरकत थेट कंट्रोल रूमपर्यंत आला. प्रज्ञानं रिट्राय केलं. नापास. परत केलं. परत नापास. तिनं फ्लॉपी बाहेर काढली आणि तिचं पत्र्याचं झाकण बोटानं सरकवलं. आतली काळी चकती लालभडक होती.

"वहिनी, ह्याच्या आत कुंकू कसं गेलं?"

"त्येला बारकं दार हुतं की," मनकर्णा म्हणाली. "म्या म्हनलं, दार हाय म्हंजी आत देव आसंल. त्येलाबी लावलं."

"सगळ्यांना?"

"न्हाई. तिसरीपतूर आले आन कुकू संपलं. पयल्या दोनाची दारं उघडली न्हाईत, लई घट्ट हुती."

सहादेव जमिनीवर बसला. खिडकीतून समोरची गच्ची दिसत होती आणि गच्चीवरची छत्री दिसत होती. शेवटचं बघून घ्यावं तसा तो तिच्याकडं बघत होता. तोवर पडद्यावर तीन नंबरची डिस्क घाला असा मजकूर आला होता आणि गुरुजींनी त्याचा अर्थ गावाला सांगितला होता. गाव मदतीला धावलं. कुणी गाण्यांची कॅसेट आणली. कुणी जुन्या ग्रामोफोनची तबकडी आणली. एक जण लुनाच्या क्लचची प्लेट घेऊन आला. श्रीमंत भांडीवाल्यानं स्टीलच्या तीन ताटल्या पाठवल्या आणि बरोबर निरोप पाठवला की फुकट नेल्या तरी चालतील, पण आता त्याला कंजूस म्हणायचं नाही.

प्रज्ञा त्या लाल चकतीकडं बघत बसली होती. "दादा," ती एकदम म्हणाली, "व्हीसीआरचं हेड तुम्ही कशानं पुसता?"

"स्पिरिटनं. मऊ कापडानं. का?"

"हीसुद्धा कॅसेटच्या फितीसारखीच आहे. गोल कापलेली एवढंच."

सहादेव ताडकन उठला. कॅसेटच्या फितींवरच तर त्याचा सगळा धंदा चालला होता. त्यानं स्पिरिटची बाटली काढली, कापूस काढला, आणि मग कापसाचे तंतू राहतील म्हणून तो ठेवून दिला. मनकर्णानं न सांगता आतून आपल्या एका जुन्या मऊ ब्लाऊजची बाही कापून आणली. प्रज्ञानं फ्लॉपीचं प्लास्टिक जपून उकललं आणि चकती दोन बोटांच्या चिमटीत धरली. सहादेव श्वास रोखून आतून बाहेर, आतून बाहेर पुसत राहिला. बाही गुलाबी झाली. दुसरी बाही कापावी लागली. मग त्यांनी चकती वाळवली, दुसऱ्या एका रिकाम्या फ्लॉपीच्या घरात बसवली, आणि प्रज्ञानं ती यंत्रात घातली.

खरवडल्यासारखा आवाज आला. सगळे थांबले. पुन्हा एकदा आवाज आला आणि मग यंत्र गुळणी केल्यासारखं गुरगुरलं आणि पुढं चाललं.

"चार नंबर मागतंय!" प्रज्ञा ओरडली.

ते गावाला तिच्या आधीच दिसलं होतं. मारुतीच्या पारावर कुणीतरी फटाक्यांची लड लावली. मनकर्णानं दोन्ही बाह्या गेलेला ब्लाऊज छातीशी धरला आणि डोळे पुसले. त्या ब्लाऊजचं काही तिला वाईट वाटत नव्हतं.

उन्हं कलली तशी जुनी विंडोज उभी राहिली. डब्यातल्याच फ्लॉपीवरून मराठी सॉफ्टवेअर तिच्यात गेलं. सहादेवनं पहिलं अक्षर टाईप केलं, 'भा', आणि त्याच्यापुढं काना उभा राहिलेला बघून त्याला गहिवरून आलं.

"दादा, पट्टी लगेच सुरू करू नका," प्रज्ञा म्हणाली. "डिस्कवर सगळं अस्ताव्यस्त पडलंय. ते ओळीनं लावून घ्यायला एक प्रोग्राम चालू करून देते. तो संपला की मग पट्टी." तिनं दोन-तीन बटणं दाबली, सहादेवनं हातात ठेवलेला नारळ पिशवीत घातला, आणि संध्याकाळची बॅच खोळंबली असेल म्हणून लुना काढून निघून गेली.

पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांनी भरलेला निळा पट आला. एक चौकोन जागेवरून उठायचा, जरा लुकलुकायचा आणि दुसरीकडं जाऊन बसायचा. मग दुसरा उठायचा. घाई नाही, गडबड नाही. शाळेतली पोरं प्रार्थनेच्या रांगेत लागावीत तसे ते एकेक लागत होते. सहादेव थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं घड्याळाकडं पाहिलं. सत्काराची वेळ झाली होती.

आणखी थांबायचा धीर त्याला झाला नाही. त्यानं चौकोन थांबवले. कपाटातून नव्या कोऱ्या हिंदी पिक्चरची कॅसेट काढली. ती तो दिवाळीला लावणार होता. पिक्चर सुरू झाला आणि त्याच्या खालून, ठळक पिवळ्या अक्षरांत, एकही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार न सांडता सरकत गेलं:

"भावी नगराध्यक्ष आबासाहेब मोरे यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

सहादेवनं ते तीनदा वाचलं. मनकर्णानंही वाचलं.  सकाळपासून पहिल्यांदाच सहादेवनं पाठ भिंतीला टेकवली.

फोन वाजला.

"सहादेव?" आवाज आबासाहेबांचा होता. मागं भांड्यांचा आणि पंगतीचा आवाज येत होता. "त्ये चौकोन कुठं गेले?"

"आबा, तुमचं नाव लावलंय न्हवं! काना-मात्र्यासकट! दिसतंय न्हवं तिकडं?"

"दिसतंय की. माजं नाव मला म्हाईत हाय. आरं, सत्काराला कोन येईना म्हनून मी हितं कार्यालयात टीव्ही आनून बशिवला. तवा कुठं गाव आलं. दोनशे मानूस जेवत जेवत चौकोन बघत हुतं. वरच्या वळीतलं दोनच राह्यलं हुतं भराया, आन तू मधीच मला आनलं! लोकं माज्याकडं कशी बघाया लागलीत, तुला काय सांगू."

"मंग... पट्टी काढू?"

"काढ."

"आन पिक्चर? नवा कोरा हाय, आबा."

"त्योबी काढ."

सहादेवनं दिवाळीची कॅसेट बाहेर काढली. मग प्रज्ञाच्या क्लासात फोन करून, कोणती बटणं दाबायची ते विचारून, एकेक दाबत त्यानं चौकोन परत आणले. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, पण कुणाची हरकत नव्हती. मंगल कार्यालयाच्या बाजूनं टाळ्यांचा आवाज आला.

मनकर्णानं दोघांची ताटं तिथंच आणली आणि ती सहादेवच्या शेजारी खाली बसली. सकाळपासून दोघांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"त्यो वरच्या वळीतला बघा," थोड्या वेळानं ती म्हणाली. "कवाधरनं रिकामाच हाय."

"गप. आता भरंल," सहादेव म्हणाला, आणि घास हातातच धरून बसला.